रॅमसूरची पाणचक्की: शेजाऱ्यांची लढाई

टोपीत पाइनची हिरवी डहाळी खोचलेली असेल तर तो राजाचा माणूस. टोपीला पांढऱ्या कागदाचा तुकडा असेल तर तो स्वातंत्र्याच्या बाजूचा. २० जून १७८० रोजी नॉर्थ कॅरोलायनात, डेरिक रॅमसूर नावाच्या जर्मन वंशाच्या माणसाच्या पाणचक्कीजवळच्या टेकडीवर लढाई झाली, तेव्हा आपला कोण आणि परका कोण हे ओळखायला एवढीच खूण होती. अंगावरचे जाडेभरडे कपडे दोन्हीकडे सारखे, बंदुका सारख्या, आणि पुष्कळदा गावही एकच. त्या सकाळी टेकडीवर ब्रिटिशांची लाल डगल्यांची पलटण नव्हती आणि जॉर्ज वॉशिंग्टनच्या खड्या फौजेची तुकडीही नव्हती. दोन्ही बाजूंनी लढले ते मिलिशियातले लोक, म्हणजे एरवी नांगर धरणारे, सुतारकाम-लोहारकाम करणारे आणि बोलावणे आले की स्वतःची बंदूक घेऊन निघणारे गावकरी.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची आपली ओळख शाळेतल्या पुस्तकातली असते. बॉस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या बुडवल्या, लेक्सिंग्टनला पहिली गोळी सुटली, साराटोगाला ब्रिटिश शरण आले, यॉर्कटाउनला सगळे संपले. या मोठ्या नावांच्या मधल्या जागेत शेकडो छोट्या चकमकी झाल्या. दक्षिणेकडच्या दोन कॅरोलायनांत तर १७८० नंतरचे बरेचसे युद्ध अशा चकमकींचेच होते, आणि तिथे ते इंग्रज विरुद्ध अमेरिकन असे सरळ उरलेच नव्हते. घराघरात फूट पडली होती. रॅमसूरची लढाई जेमतेम दीड-दोन तास चालली. तिच्यात डावपेच नव्हते, शिस्त नव्हती, धड सेनापतीही नव्हता. तरीही ज्यांची नावे मुलांकडून पाठ करून घेतली जातात अशा कितीतरी लढायांपेक्षा हिचा परिणाम खोल होता असे माझे ठाम मत आहे. ते का, हे समजायला थोडे मागे जावे लागेल.

१७७७ मध्ये साराटोगाला ब्रिटिशांची एक आख्खी फौज शरण गेली आणि पुढच्याच वर्षी फ्रान्स अमेरिकनांच्या बाजूने युद्धात उतरला. उत्तरेकडे काही साधत नाही हे पाहून लंडनने दक्षिणेकडे नजर वळवली. दक्षिणेच्या वसाहतींत राजाला मानणारे लोक भरपूर आहेत, आपली फौज किनाऱ्यावर उतरली की ते हजारोंनी उठतील, आणि जिंकलेला मुलूख तेच सांभाळतील, असा तो हिशेब होता. साम्राज्य फार मोठे आणि शिपाई फार थोडे, ही इंग्रजांची कायमची अडचण. तिच्यावरचा त्यांचा तोडगाही कायमचा: स्थानिकांना हाताशी धरायचे. १७७८ च्या अखेरीस जॉर्जियातले सव्हाना पडले. १२ मे १७८० रोजी साउथ कॅरोलायनातले चार्ल्सटन पडले आणि जनरल बेंजामिन लिंकनसह पाच हजारांहून अधिक लोक शरण गेले. अमेरिकनांचा त्या युद्धातला हा सर्वांत मोठा पराभव. २९ मे रोजी वॅक्सहॉजला बनास्टर टार्लटनच्या घोडदळाने कर्नल ब्यूफर्डची माघारी निघालेली तुकडी कापून काढली. दक्षिणेत खडी म्हणावी अशी अमेरिकन फौज उरली नाही.

इथे ब्रिटिश सेनापती सर हेन्री क्लिंटन याने एक घोडचूक केली. शरण आलेल्या मिलिशियाच्या लोकांना आधी पॅरोल दिले होते. घरी जा, पुन्हा शस्त्र धरू नका, कोणी तुम्हाला हात लावणार नाही. पुष्कळांना हे पुरेसे होते, कारण बहुतेक माणसांना युद्ध नकोच असते. पण ३ जूनला क्लिंटनने जाहीरनामा काढला की हे पॅरोल रद्द. यापुढे प्रत्येकाने राजाला सक्रिय साथ द्यायची, नाहीतर त्याला बंडखोर समजले जाईल. तटस्थ राहण्याची वाटच बंद झाली. जाहीरनाम्याचा अंमल २० जूनपासून सुरू व्हायचा होता. शेजारच्या प्रांतात रॅमसूरच्या टेकडीवर लढाई पेटली ती नेमकी याच तारखेला. हा योगायोगच, पण माणसांना कुंपणावरून ढकलून देणाऱ्या त्या दिवसांचे चित्र त्यात पुरते उमटले आहे.

जाहीरनामा काढून क्लिंटन न्यूयॉर्कला निघून गेला आणि दक्षिणेचा कारभार लॉर्ड कॉर्नवॉलिसकडे आला. मराठी वाचकाला हे नाव नवे नाही. त्याच्याकडे पुढे येऊच. कॉर्नवॉलिसने नॉर्थ कॅरोलायनातल्या राजनिष्ठांना निरोप धाडला की घाई करू नका, पिके घरात येईपर्यंत गप्प राहा. कारण व्यवहाराचे होते. फौजेला धान्य लागणार, आणि शेतात गहू उभा असताना शेतकरी उठला तर ना गहू हाती लागणार ना शेतकरी. शिवाय फौज मदतीला पोचण्याआधी उठाव झाला तर तो चिरडला जाणार हे त्याला दिसत होते.

हा सबुरीचा निरोप घेऊन जॉन मूर आपल्या गावी आला. तो इथलाच. आधी निघून जाऊन इंग्रजांना मिळालेला, आता तलवार लटकवून, लेफ्टनंट कर्नल म्हणवून घेत परतलेला. १० जूनला वडिलांच्या घराजवळ, इंडियन क्रीक नावाच्या ओढ्याकाठी त्याने चाळीसेक लोक जमवले आणि कॉर्नवॉलिसचे म्हणणे सांगितले. एवढ्यात खबर आली की स्वातंत्र्यवाद्यांची वीसेक माणसांची टोळी त्यांना पकडायला आसपास फिरते आहे. मग संयम कसला! मूरने टोळीचा पाठलाग केला, ती सापडली नाही, तेव्हा त्याने सगळ्यांना १३ तारखेला रॅमसूरच्या चक्कीवर यायला सांगितले. त्या दिवशी दोनशे आले. दुसऱ्या दिवशी निकोलस वेल्च हजर झाला. तोही त्याच भागातला, आता राजाच्या फौजेत मेजर. भरजरी पोशाख, हातात सोन्याच्या गिन्यांची थैली, तोंडी चार्ल्सटनच्या विजयाच्या आणि ब्यूफर्डच्या कत्तलीच्या कथा. २० जून उजाडेपर्यंत टेकडीवर तेराशेच्या आसपास माणसे गोळा झाली होती. त्यातल्या जवळजवळ चौथाईकडे बंदूकच नव्हती.

ही माणसे राजाच्या बाजूने का आली? त्यांना देशद्रोही म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे नाही. काटोबा नदीच्या पश्चिमेचा हा भाग पेनसिल्व्हेनियातून खाली उतरलेल्या जर्मन कुटुंबांनी वसवला होता. त्यांच्या जमिनीचे कागद राजाच्या नावाने झाले होते. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज हा जर्मनीतल्या हॅनोव्हर घराण्याचा, तेव्हा तोही त्यांना फार परका नव्हता. किनाऱ्यालगतच्या बड्या जमीनदारांनी आणि वकिलांनी चालवलेल्या बंडाशी या शेतकऱ्यांचे सोयरसुतक नव्हते. त्याच किनाऱ्यावरच्या सत्तेने १७७१ मध्ये अलामान्स इथे कर आणि भ्रष्ट अंमलदारांविरुद्ध उठलेल्या शेतकऱ्यांवर बंदुका चालवल्या होत्या, ते डोंगराकडच्या लोकांच्या स्मरणात होते. काही जण तर चार्ल्सटनची बातमी ऐकून, जिंकणाऱ्याच्या बाजूला असलेले बरे, एवढ्याच विचाराने आले. जर्मन सगळे राजनिष्ठ आणि नदीपलीकडचे स्कॉच-आयरिश सगळे स्वातंत्र्यवादी, असेही नव्हते. एकाच आडनावाची माणसे दोन्ही टोप्यांखाली होती.

नदीच्या पूर्वेकडे ब्रिगेडियर जनरल ग्रिफिथ रदरफर्ड मिलिशिया जमवत होता. त्याची नजर दक्षिणेकडून येऊ घातलेल्या ब्रिटिश तुकडीवर होती. ती माघारी वळल्याचे कळताच तो रॅमसूरकडे निघाला आणि रोवन परगण्यातल्या कर्नल फ्रान्सिस लॉकला त्याने माणसे गोळा करायला सांगितले. १९ जूनला माउंटन क्रीकवर लॉकपाशी सुमारे चारशे जण जमले. चक्की तिथून सोळा मैल. रदरफर्डची सातशेवर माणसे तिथून पस्तीसेक मैल.

मग सल्लामसलत झाली, आणि मिलिशियाचा खरा स्वभाव तिच्यात दिसतो. मिलिशियातले कप्तान बहुधा शेजाऱ्यांनीच मानलेले असत; त्यांना हुकूम सोडता येत नसे, पटवून द्यावे लागे. कोणी म्हणाले, नदी ओलांडून मागे जाऊ आणि रदरफर्डची वाट पाहू. त्यावर उत्तर आले की मागे हटलो तर ती भीती ठरेल आणि आपल्या घरादारांवर धाड येईल. कोणी म्हणाले, जाऊन रदरफर्डला मिळू. तर उत्तर आले की मधल्या काळात घरे उघडी पडतील. शेवटी ठरले की रात्रीतून चालून जायचे आणि उजाडता उजाडता हल्ला करायचा. समोरच्यांतले पुष्कळ निःशस्त्र आहेत आणि आपण किती आहोत हे त्यांना ठाऊक नाही. चारशेंनी तेराशेंवर जायचे हा निर्णय कोणा एका सेनापतीचा नव्हता. तो सभेत झाला. रदरफर्डकडे तसा निरोप गेला आणि लोक चालू लागले.

वाटेत योजना म्हणावी अशी योजना आखली गेली नाही. पुढे फॉल्स, मॅकडॉवेल आणि ब्रँडन या तीन कप्तानांचे घोडेस्वार असतील, मागून पायदळ दुहेरी रांगेत येईल, एवढेच ठरले. बाकी प्रत्येक कप्तानाने समोर दिसेल ते पाहून करायचे.

पहाटे धुके होते. चक्कीपासून काही अंतरावर राजनिष्ठांचा डझनभर जणांचा पहारा होता. त्याने घोडेस्वार पाहिले, बार टाकला आणि टेकडीकडे पळ काढला. स्वार त्यांच्या मागोमाग थेट छावणीवर जाऊन आदळले. टेकडीवर एकच गोंधळ उडाला. पण हल्ला करणारे थोडेच आहेत हे दिसताच राजनिष्ठ सावरले आणि त्यांनी उतारावर असा मारा केला की स्वारांना मागे यावे लागले. कप्तान फॉल्स पहिल्याच झटापटीत प्राणांतिक जखमी झाला. मागचे पायदळ धापा टाकत पोचले आणि जिथे जागा मिळेल तिथून गोळ्या झाडू लागले. राजनिष्ठ टेकडी उतरून खाली आले, परत वर गेले, पुन्हा खाली आले. रेषा अशी कुठे राहिलीच नाही. कोणी हुकूम दिला नाही आणि कोणी मागितलाही नाही.

या लोकांच्या हातात शिकारीच्या लांब नळीच्या रायफली होत्या. नळीत आतून आटे पाडलेले असल्याने गोळी फिरत जाई आणि साध्या बंदुकीपेक्षा कितीतरी लांबवर अचूक लागे. पण ती भरायला वेळ फार, आणि तिला संगीन लावता येत नसे. लांबून लढायला ती उत्तम, जवळ येताच तिची काठी होई. रॅमसूरला दोन्ही बाजू जवळ आल्या आणि लढाई बंदुकीच्या दस्त्यांवर आली. लाकडी दस्ते डोक्यांवर फुटले. टोप्यांतल्या डहाळ्या झटापटीत गळून पडल्या आणि मग आपला माणूस कोणता हे कळेनासे झाले. पांढऱ्या कागदाने तर वेगळाच घात केला. नेमबाजाला तो नेम धरायला ठळक खूण झाला, आणि अनेकांना गोळी लागली ती थेट डोक्यात.

त्या परिसरात पुढे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेलेली एक आठवण आहे. झटापटीत एका वयस्कर जर्मन राजनिष्ठासमोर ओळखीचा तरुण आला. म्हाताऱ्याने त्याला नावाने हाक मारून विचारपूस केली: तुला लहानपणापासून ओळखतो, तू बंडखोर झालास एवढे सोडले तर तुझ्यात काही वाईट पाहिले नाही. तरुणाने उत्तरादाखल दस्ता उगारला. म्हाताऱ्यानेही मग आपली बंदूक उलटी धरली, आणि दुसऱ्याच कोणाच्या गोळीने तो खाली पडला. या गोष्टीचा शब्द न् शब्द खरा असेल असे मी म्हणणार नाही. पण तिथल्या लोकांनी शौर्याच्या गोष्टींबरोबर हीसुद्धा जपून ठेवली, आणि त्या सकाळी टेकडीवर काय घडले ते तिच्याइतके कोणतीच आकडेवारी सांगत नाही.

लढाई फिरली ती कप्तान हार्डिनच्या तुकडीमुळे. ती बाजूच्या शेतातून वळसा घेऊन राजनिष्ठांच्या उजव्या अंगाला पोचली आणि कुंपणाच्या आडोशाने मारा करू लागली. समोरून आणि बगलेतून मारा बसताच टेकडीवरचे लोक मागच्या उताराने ओढ्याकडे आणि चक्कीकडे घसरले. टेकडी लॉकच्या हाती आली. त्याने ओढ्यापलीकडे जमलेला जमाव पाहिला, आता ते उलटून येणार असे त्याला वाटले आणि आपली माणसे रांगेत उभी करायला सांगितली. आरडाओरडा करून, शोधून शोधून उभी राहिली ती फक्त एकशे दहा. बाकीचे मेले होते, जखमी होते किंवा जंगलात पांगले होते. घाबरून रदरफर्डकडे स्वार धाडण्यात आले: लवकर या.

पलीकडे मूरची अवस्था याहून वाईट होती. त्याने पांढरे निशाण पाठवले: जखमींची सोय लावू, मेलेल्यांना मूठमाती देऊ, तोवर लढाई थांबवा. बोलणी रेंगाळत असताना त्याने आपल्या लोकांना कानोकानी सांगितले की ज्याला जमेल त्याने घर गाठा. निशाण परत येईपर्यंत ओढ्यापलीकडे जेमतेम पन्नास जण उरले होते, आणि तेही निसटले. रदरफर्ड येऊन पोचला तोवर लढायला समोर कोणी नव्हते. त्याच्या स्वारांनी आसपास फिरून पन्नासेक कैदी तेवढे पकडून आणले.

दोन्हीकडचे मिळून तीनशेच्या आसपास लोक मेले किंवा जखमी झाले. वाटणी जवळजवळ निम्मी-निम्मी. लॉकच्या बाजूचे अनेक कप्तान पडले, कारण मिलिशियाचा कप्तान पुढे असला तरच लोक मागून येत. दुपारपर्यंत आसपासच्या बायका, म्हातारे, मुले टेकडीवर आली आणि प्रेते पालथी करून नवरा, भाऊ, मुलगा शोधू लागली. ज्यांची ओळख पटली त्यांना घरच्यांनी नेले. उरलेल्यांना उतारावर लांब चर खणून एकत्रच पुरले, डहाळीवाले आणि कागदवाले असा भेद न करता.

मूर तीसेक माणसांसह कॅमडेनला कॉर्नवॉलिसकडे पोचला. तिथे हुकूम मोडल्याबद्दल त्याला कोर्टमार्शलची धमकी मिळाली. कॉर्नवॉलिसचा संताप समजण्यासारखा आहे. सप्टेंबरमध्ये पीक घरात आल्यावर जी माणसे त्याच्या फौजेसोबत उठायची, ती जूनमध्येच फौजेविना उठून मोडून गेली होती. याडकिन नदीकाठचे आठेकशे राजनिष्ठ सॅम्युएल ब्रायनबरोबर इंग्रजांना मिळाले खरे, पण त्यांना घरेदारे सोडून साउथ कॅरोलायनात पळावे लागले. जो आपल्याच गावात राहू शकत नाही तो गाव सांभाळणार कसा? सप्टेंबरअखेर कॉर्नवॉलिस शार्लटमध्ये शिरला तेव्हा त्याच्या मदतीला गर्दी झाली नाही. उलट धान्य आणायला गेलेल्या त्याच्या तुकड्यांवर झाडांआडून गोळ्या आल्या. ७ ऑक्टोबरला किंग्ज माउंटनवर मेजर पॅट्रिक फर्ग्युसनची हजारावर राजनिष्ठांची फौज पुन्हा मिलिशियाच्याच हातून बुडाली. तिथे लढलेल्या हजारोंपैकी ब्रिटनमधून आलेला असा फर्ग्युसन जवळजवळ एकटाच. लंडनने कागदावर मांडलेला हिशेब तिथे संपला, पण त्याचा पहिला आकडा चुकला होता तो रॅमसूरला.

कॉर्नवॉलिस स्वतः या चक्कीवर आला तो २५ जानेवारी १७८१ रोजी. आठवड्यापूर्वीच काउपेन्सला टार्लटनचा धुव्वा उडाला होता आणि पळून जाणाऱ्या अमेरिकन फौजेला गाठायचे होते. त्यासाठी त्याने रॅमसूरला तळ देऊन जवळजवळ सगळे सामान, तंबू आणि गाड्या जाळल्या. स्वतःच्या सामानापासून सुरुवात केली. राजनिष्ठांचा म्हणून नावाजलेला हा मुलूख. तिथे त्याला आपलेच सामान जाळून पुढे जावे लागले. हिवाळ्यातला तो पाठलाग त्याला गिलफर्डच्या महागड्या विजयाकडे आणि पुढे १९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउनच्या शरणागतीकडे घेऊन गेला. दहा वर्षांनी तो हिंदुस्थानात गव्हर्नर जनरल होता. मे १७९१ मध्ये श्रीरंगपट्टणजवळ टिपूविरुद्ध धान्याअभावी त्याचे सैन्य उपाशी पडले, मोठ्या तोफा नष्ट करून माघार घ्यावी लागली. या वेळी मात्र वाटेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांची मराठी फौज धान्यासह भेटली. स्थानिक मित्र वेळेवर आले तर काय होते आणि न आले तर काय होते, हे दोन्ही या एका माणसाने भोगले.

रॅमसूरची हकीकत आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः जोसेफ ग्रॅहम याच्यामुळे. तो स्वतः त्या युद्धात लढला होता, आणि चाळीस वर्षांनी, म्हातारपणी त्याने या लढाईचे तपशील लिहून काढले. त्याने तसे केले नसते तर टोप्यांवरचा कागदही विस्मरणात गेला असता. मोठ्या लढायांना सरकारी अहवाल असतात, सेनापतींची पत्रे असतात. मिलिशियाच्या लढायांना बहुधा असा एखादा म्हातारा असतो, किंवा कोणीच नसतो.

चक्कीजवळ १७८५ मध्ये लिंकनटन हे गाव वसले. परगण्याला आणि गावाला नाव मिळाले ते चार्ल्सटनला शरण गेलेल्या जनरल बेंजामिन लिंकनचे. रणभूमी आज गावातच, शाळेच्या परिसरात आहे, आणि पुरलेल्यांची जागा तिथे दाखवली जाते. शार्लट शहरापासून हे ठिकाण मोटारीने सुमारे तासाभरावर आहे. नोकरीनिमित्त शार्लटला राहणाऱ्या किंवा मुलाबाळांकडे जाणाऱ्या मराठी वाचकांनी किंग्ज माउंटनचे राष्ट्रीय उद्यान जरूर पाहावे, पण त्याआधी लिंकनटनची ही टेकडी चढून यावे.